वांझपणाचा एकतर्फी निकाल

ज्याचे म्हणणे ऐकून घेतले नाही त्याच्याविरुद्ध निकाल देऊ नये, हे न्यायाचे पहिले तत्त्व होय. दिवाणी न्यायालयातही एकतर्फी हुकूमनामा होतो, नाही असे नाही. परंतु तो प्रतिवादीस समन्स पोहोचल्यावर व त्याने हजर राहण्याचे टाळल्यावरच होतो. आपल्या समाजात मात्र एक न्यायालय असे आहे की, जेथे आरोपी अगोदर ठरतो, शिक्षा अगोदर सुनावली जाते, आणि पुरावा घेण्याची वेळ आलीच तर तोही एकट्या आरोपीचाच घेतला जातो. हे न्यायालय घराच्या माजघरात भरते, देवळाच्या सभामंडपात भरते, चैत्रातील व संक्रांतीच्या हळदीकुंकवात भरते. तेथील आरोपी नेहमी स्त्री असते, आणि आरोप एकाच शब्दाचा असतो: वांझ.

आम्ही वैद्य नव्हे. कायदा हा आमचा व्यवसाय, आणि ज्या प्रश्नाविषयी लिहिणार आहोत तो आमच्यापुढे कायद्याच्या वाटेनेच आला. काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात एका प्रतिष्ठित घराण्यातील वडीलधारे गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आले. मुलाच्या लग्नास सात वर्षे झालेली, घरात पाळणा हललेला नाही. सूनबाईंस बरोबर आणलेले नव्हते. ‘लग्न रद्द करून घेता येईल काय?’ हा त्यांचा प्रश्न. वैद्यकीय कागदांची एक जाडजूड फाईल त्यांनी आमच्यापुढे ठेवली. आम्ही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांत औषध सोडून काढलेली क्ष-किरण चित्रे, पोटात दुर्बीण घालून केलेली पाहणी. एकूण एक कागद सुनेच्या नावाचा! आम्ही विचारले, ‘चिरंजिवांची तपासणी कोठे आहे?’ मुलाने मान खाली घातली. उत्तर वडिलांनी दिले: ‘वकीलसाहेब, आमच्या घराण्यात तसे कोणास नाही.’

आम्ही त्यांचे काम घेतले नाही. मात्र तपासणीवाचून पुढे एक पाऊलही टाकू नये, एवढे बजावून सांगितले. तीन महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले, या वेळी एकटे. मुलाची तपासणी दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा वीर्यात शुक्राणू आढळले नव्हते. सात वर्षे जिने उपास केले, नवस फेडले, सुया टोचून घेतल्या, जिच्या ओटीत नारळ घालताना बायकांनी हात आखडता घेतला, तिच्या शरीरात दोष सापडलेलाच नव्हता. ‘तिची कोणी क्षमा मागितली काय?’ असे आम्ही विचारले. त्या प्रश्नास उत्तर आले नाही. ते उत्तर आले नाही म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अपत्यजन्म ही दोन शरीरांची संयुक्त क्रिया आहे, हे सर्वांस ठाऊक असूनही कोणाच्या ध्यानात नसते. स्त्रीच्या अंडाशयांतील बीजांचा साठा ती जन्मास येते तेव्हाच ठरलेला असतो. जन्मसमयी दहा ते वीस लाख असलेली बीजे न्हाणे येईपर्यंत तीन-चार लाखांवर येतात, आणि त्यांतील जेमतेम चारपाचशे बीजेच उभ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या आज्ञेने सामान्यतः महिन्यास एक बीज सुटते, ते पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस अगोदर. गर्भनलिकेने झेललेले ते बीज बारा ते चोवीस तासच फलनक्षम राहते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. दोहोंची गाठ गर्भाशयात पडते असा समज आहे. वस्तुतः ती गर्भनलिकेत पडते, आणि फलित झालेले बीज तेथून पाचसहा दिवसांनी गर्भाशयात येऊन रुजू लागते.

पुरुषाकडील कारखाना निराळ्या रीतीने चालतो. तेथे साठा नाही, अखंड उत्पादन आहे. वृषणात एक शुक्राणू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. हे काम शरीराच्या उष्णतेपेक्षा दोनतीन अंश कमी उष्णतेत व्हावे लागते. म्हणून तर निसर्गाने वृषण उदरपोकळीबाहेर ठेवले. आज झालेला कडक ताप दोन महिन्यांनंतरच्या तपासणीत दिसतो तो यामुळेच, आणि एका तपासणीवर निकाल न देता काही आठवड्यांनी दुसरी करावी, असे वैद्य सांगतात तेही यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुधारलेल्या प्रमाणांनुसार एका मिलिलिटर वीर्यात 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली जाते, आणि त्यांतील सुमारे 42 टक्के तरी हालचाल करणारे असावे लागतात. तात्पर्य, ‘पुरुषासारखा पुरुष’ दिसणे ही एक गोष्ट आहे आणि वीर्यात पुरेसे सक्षम शुक्राणू असणे ही सर्वस्वी दुसरी. शरीरयष्टी, आवाज, मिशा, दांपत्यसुख यांतील कशावरूनही शुक्राणूंची संख्या कळत नाही. ती सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

आता दोषाची वाटणी. एक वर्षभर संततिनियमनावाचून नियमित सहवास होऊनही गर्भ न राहिल्यास त्यास वंध्यत्व म्हणावे, अशी वैद्यकाची व्याख्या आहे. स्त्रीचे वय पस्तिशीपलीकडे असेल तर सहा महिन्यांनीच तपासणी सुरू करावी, असे सांगतात. जगात साधारणतः सहा माणसांत एकास आयुष्यात केव्हातरी हा अनुभव येतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रसिद्ध केले. या दांपत्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील दोष एकटा तरी असतो किंवा स्त्रीच्या दोषाबरोबर तरी असतो. स्त्रीकडे अंडाशयातून बीज वेळेवर न सुटणे, थायरॉइडचे विकार, गर्भाशयाचे अस्तर भलत्या ठिकाणी वाढणे, गर्भाशयातील गाठी, गर्भनलिका बंद होणे ही कारणे असतात. आणि आपल्या देशात या नलिका बंद पडण्यामागे पुष्कळदा जननेंद्रियांचा क्षय असतो, जो खोकला नाही म्हणून कोणाच्या ध्यानी येत नाही. पुरुषाकडे वृषणाच्या शिरा फुगणे, शुक्रवाहिनीत अडथळा असणे, वयात आल्यावर झालेल्या गालगुंडामुळे वृषणास इजा होणे, संप्रेरकांची कमतरता, काही जन्मजात दोष, आणि तंबाखू-मद्याची व्यसने. हल्ली व्यायामशाळांतून शरीर फुगविण्यासाठी पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने टोचून घेण्याची जी टूम निघाली आहे, तीमुळे तर शुक्राणूंचे उत्पादन थांबूही शकते. पौरुष वाढविण्यास निघालेला तरुण नेमके पितृत्वच गमावून बसतो!

पुराव्याच्या कायद्याची ज्यांस सवय आहे त्यांस येथे एक साधी गोष्ट खटकेल. पुरुषाची प्राथमिक तपासणी स्वस्त, वेदनारहित आणि एका दिवसाची. स्त्रीच्या तपासण्या महाग, कष्टाच्या, आणि त्यांतील काही भूल देऊन करावयाच्या. कोणताही समंजस न्यायाधीश सुलभ पुरावा आधी घेईल की दुर्घट? मग आपल्या घरांतून दुर्घट पुरावा आधी व सुलभ पुरावा वर्षानुवर्षे नाही, हा उलटा क्रम का? तेथे पैशाचा प्रश्न नाही, ज्ञानाचाही नाही. तेथे भीती आहे, ती उत्तराची.

ही भीती आपल्या भाषेतही उतरली आहे. मूल नसलेल्या पुरुषास आपण ‘निपुत्रिक’ म्हणतो. बिचाऱ्यास पुत्र नाही, एवढीच त्या शब्दाची व्याप्ती. त्यात दोष नाही, केवळ दुर्दैव आहे. त्याच घरातील, त्याच मुलाविना असलेली स्त्री मात्र ‘वांझ’. हा शब्द तिचे दुर्दैव सांगत नाही, तिच्या देहावर डाग ठेवतो. ‘वांझोटा’ असा पुल्लिंगी शब्द मराठीत आहे. पण तो वादास, श्रमास, चर्चेस लावतात. वांझोटा पुरुष आपल्या भाषेने पाहिलेलाच नाही. मराठीतील सासूबाई असोत की कोंकणीतील सासुमांय, या बाबतीत दोघींचा शब्दकोश एकच आहे.

‘हे सारे तुमच्या पाश्चात्त्य विद्येचे’ असे म्हणणारे सज्जन येथे पुढे सरसावतील. त्यांनी आपलीच पोथी उघडून पाहावी. सुश्रुताने गर्भधारणेस ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चार गोष्टींची जुळणी लागते असे सांगितले. शेतकऱ्याच्या अनुभवातून घेतलेला हा दृष्टांत आहे, आणि बीज किडके असता भूमीस बोल लावणारा शेतकरी अद्याप आम्ही पाहिला नाही. त्याच्या शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच शुक्रशोणितशुद्धी. शुक्र पहिले, शोणित मागाहून! आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक संपूर्ण अंग पुरुषाच्या चिकित्सेस वाहिलेले आहे. पूर्वजांस पुरुषात दोष असू शकतो हे मान्य नसते, तर हे शास्त्र त्यांनी कोणासाठी रचले?

धर्मशास्त्राचीही तीच साक्ष. याज्ञवल्क्यस्मृती, जिच्यावरील मिताक्षरा टीका आपल्या प्रांतात शतकानुशतके कायद्याच्या ठिकाणी होती, ती आचाराध्यायात वराची लक्षणे सांगताना त्याचे पुंस्त्व यत्नपूर्वक पारखून घ्यावे असे स्पष्ट सांगते. म्हणजे वराची परीक्षा स्मृतीने विवाहाच्या अगोदरच लावून दिली; आपण ती विवाहानंतर सात वर्षांनीही करू देत नाही, आणि वर स्वतःस सनातनी म्हणवितो. रामायणात दशरथास राण्या असून संतती नव्हती. त्याने कोणा राणीस माहेरी धाडले नाही. पुत्रकामेष्टीस यजमान म्हणून स्वतः बसला. महाभारतात पांडूने आपले वैगुण्य कुंतीपुढे स्वमुखाने मांडले. राजांस जे कबूल करण्याची लाज वाटली नाही, त्याची लाज आपल्या महाजनांस का वाटावी?

कायदा या बाबतीत निष्पाप आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांसंबंधी पोर्तुगीज सरकारने 1880 साली जो हुकूमनामा काढला, त्यात पहिली पत्नी पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिला मूलच झाले नाही, किंवा तीस वर्षांची होईपर्यंत मुलगा झाला नाही, तर पतीस दुसरा विवाह करण्याची मुभा ठेवलेली होती. ती तरतूद पुढे प्रत्यक्षात मृतवत झाली, हे खरे. परंतु तिच्यामागील गृहीतक पाहा: मूल नाही तो दोष तिचा, मुलगा नाही तोही दोष तिचाच! हुकूमनाम्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांनी, 1905 साली, नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने एका किड्याच्या पेशींचा अभ्यास करून लिंगनिश्चितीचे मूळ नराच्या बीजातील गुणसूत्रात आहे हे दाखविले. मनुष्यातही आईच्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्र असते. पित्याच्या शुक्राणूंत काहींत एक्स, काहींत वाय. वाय आला तर मुलगा. मुली झाल्या म्हणून पत्नीस दूषण देणारा पुरुष स्वतःविरुद्धच फिर्याद गुदरीत असतो.

मुंबई इलाख्यात 1946 च्या कायद्याने हिंदूंचा द्विभार्या विवाह बंद झाला, तेव्हा पुत्रावाचून गती नाही, सबब दुसऱ्या विवाहाची बंदी धर्मावर घाला आहे, असा युक्तिवाद उच्च न्यायालयापुढे आला. बेळगाव तेव्हा त्याच राज्यात होते. नरसू आप्पा माळी खटल्यात 1951 साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्यास दिलेले उत्तर प्रत्येक देवस्थानाच्या कचेरीत लावून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे. धर्म पुत्राची आवश्यकता मानतो हे खरे, पण तोच धर्म दत्तकही मानतो, असा त्याचा आशय. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर त्या पीठावर होते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व देशभर नेले. त्या कायद्यात शरीरसंबंधास असमर्थ असणे हे विवाह रद्द करण्याचे कारण होऊ शकते. मूल न होणे हे विवाह रद्द करण्याचेही कारण नाही व घटस्फोटाचेही नाही. हे दोन शब्द, असामर्थ्य आणि वंध्यत्व, लोक एकच समजतात, आणि त्या गैरसमजापायीच पुरुष तपासणीस भितो. शुक्राणू कमी म्हणजे पौरुष कमी असे मुळीच नव्हे.

आजचा कायदाही क्वचित जुन्या संशयाने पछाडलेला दिसतो. जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिराती रोखणाऱ्या 1954 च्या कायद्याच्या परिशिष्टात ‘स्त्रियांचे वंध्यत्व’ असा विकार लिहिलेला आहे. पुरुषांचे वंध्यत्व त्या शब्दांत नाही. संसदेलाही तो विकार सुचला नाही, मग माजघरास काय बोलावे?

एक आक्षेप आणखी येईल, आणि तो या मासिकाच्या वाचकांकडूनच येईल, की देवळाच्या छायेत वाढलेल्या मंडळीच्या मासिकात असले अश्लील विषय नकोत. हा आक्षेप नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून हेच ज्ञान मराठीत आणले, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 मधील खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. दंड कर्व्यांस झाला, अज्ञानाची किंमत मात्र आपल्या सुना आजही देत आहेत. आम्ही विचारतो, ज्या गाभाऱ्यात शिव लिंगरूपाने शाळुंकेवर पूजिला जातो, त्या देवळाच्या भक्तांस सृष्टीच्या उगमाची चर्चा अश्लील का वाटावी? अश्लील आहे ते निरपराध स्त्रीस चारचौघांत डावलणे.

कोणी असेही म्हणेल की, तपासणीत पुरुषाचा दोष निघाला तर उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहे. फुगलेल्या शिरांवर शस्त्रक्रिया होते, संप्रेरकांची उणीव औषधांनी भरून निघू शकते, वाटेत अडथळा असेल तर वृषणातून सुईने शुक्राणू काढता येतात. शरीराबाहेर फलन होऊन पहिले मूल इंग्लंडात 25 जुलै 1978 रोजी जन्मले. त्यानंतर सत्तर दिवसांच्या आत कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तेच साधले. पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. चौकशीपूर्वीच निकाल देण्याची आपली खोड शास्त्रज्ञासही भोवली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांना 6 ऑगस्ट 1986 रोजी यश आले. 1992 मध्ये ब्रुसेल्स येथील संशोधकांनी एकच शुक्राणू बीजात सोडून गर्भधारणा घडविल्याचे जाहीर केले, आणि ज्यांस पूर्वी आशाच नव्हती अशा पुरुषांसही पितृत्वाची वाट खुली झाली. या उपचारांस यश हमखास नसते, खर्च मोठा असतो, आणि वाढत्या वयाबरोबर स्त्रीबीजाची शक्ती घटत जाते. म्हणूनच तर पतीची तपासणी टाळण्यात गेलेली प्रत्येक वर्षे पत्नीच्या वयातून वजा होतात. हे उपचार 2021 च्या कायद्याखाली नोंदलेल्या केंद्रातच घ्यावेत. ‘मुलगाच होईल’ असे सांगणारा भेटला तर तो वैद्य नव्हे, गुन्हेगार आहे, हे ओळखावे.

आणि उपचारांनीही यश न आले तर? तर दत्तकाचा राजमार्ग आहे, ज्यास धर्माची व कायद्याची दोहोंची संमती आहे. अथवा दोघांनीच सुखाने संसार करावा. तोही पूर्ण संसारच होय.

देवाकडे जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. नवस बोलावा, कौल लावावा, कुलदेवतेपुढे पदर पसरावा. श्रद्धेने मनास बळ येते. परंतु कौल लावताना प्रश्न सरळ विचारावा लागतो, हे आपल्या पुजाऱ्यांस विचारा. ‘सुनेत काय दोष?’ हा प्रश्नच वाकडा आहे. आमची देवस्थानांच्या समित्यांस व महाजनांस विनंती तीन गोष्टींची आहे. ओटी व हळदीकुंकू यांतून कोणाही सुवासिनीस मूल नाही म्हणून वगळले जाऊ नये, हे सभेत ठरवून फलकावर लावावे. उत्सवाच्या व्याख्यानमालेत वर्षातून एक व्याख्यान या विषयावर जाणत्या डॉक्टरांचे ठेवावे, आणि त्यास पुरुषांनी पुढच्या रांगेत बसावे. आणि ज्या घरात पाळणा हललेला नाही, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी सुनेची फाईल उघडण्यापूर्वी मुलाची एक तपासणी करून घ्यावी.

तोपर्यंत ‘वांझ’ हा शब्द कोणी उच्चारील, तर त्यास आमचा एकच प्रश्न राहील: दुसऱ्या पक्षाचा जबाब कोठे आहे?